गर्डरचा कंटेनर फाटकात येण्याआधी : खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
खरेदी, आयात व लॉजिस्टिक्स विभागप्रमुख,
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन आणि जालना येथील औद्योगिक वसाहतींमधले कारखाने

प्रत माहितीसाठी : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, माथाडी मंडळ

सप्रेम नमस्कार,

गर्डरचा कंटेनर रिकामा करताना कोणी जायबंदी झालं की चौकशी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यापासून सुरू होते आणि मुकादमापाशी येऊन थांबते. लायसन्स होतं का, बूट घातले होते का, माल उचलायच्या बेल्टवर तपासणीचा शिक्का होता का. प्रश्न सगळे रास्त आहेत. पण माल कोणत्या प्रकारच्या कंटेनरमधून मागवला, बंडल किती वजनाचं बांधायला सांगितलं, खाली लाकडी गुटके ठेवायला सांगितले होते का, हे विचारायला खरेदीच्या टेबलापर्यंत कोणी जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून हे पत्र सेफ्टी विभागाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. खरेदी आदेशावर ‘1 × 40 एचसी’ (एक 40 फुटी, जादा उंचीचा बंद कंटेनर) एवढं टाइप झालं की यार्डात पुढे काय करता येईल, यातलं बहुतेक तिथेच ठरून जातं.

आपल्याकडे सळई आणि बहुतेक देशी गर्डर उघड्या ट्रेलरवर येतात. क्रेन वरून हुक सोडते, माल उचलते, विषय संपतो. जालन्यातल्या कुठल्याही रोलिंग मिलच्या फाटकावर तासभर उभं राहिलं तरी हे दिसतं. कंटेनरमधून येणारं लोखंड वेगळं : परदेशी यंत्रांबरोबर येणारे पायाचे गर्डर, गँट्रीचे बीम, रॅकिंगचे लांब खांब, तयार शेडचं फॅब्रिकेशन. कंटेनरला वर छत, तीन बाजूंना भिंती आणि दार फक्त अरुंद बाजूला. 40 फुटी कंटेनरची आतली लांबी 12.03 मीटर, म्हणून गर्डर 11.8 मीटरचे कापून भरतात. टोकाला वीतभर जागा उरते. त्या मागच्या टोकापर्यंत ना माणूस धड पोहोचतो, ना फोर्क, ना क्रेनचा दोर.

आकडे डोळ्यांसमोर असावेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. आयएसएमबी 450, म्हणजे 450 मिलिमीटर उंचीचा ‘आय’ आकाराचा गर्डर, वजन मीटरला 72.4 किलो. 11.8 मीटरचा एक नग 854 किलो. असे 30 नग म्हणजे 25.6 टन, इथे कंटेनर वजनाने भरला, पण माल जेमतेम कमरेएवढा, 90 सेंटिमीटर उंच. हे 30 नग दोन तऱ्हांनी रचता येतात. आडवे पाडून, एका थरात 5, असे सहा थर. किंवा उभे, फ्लँजवर (‘आय’च्या खालच्या रुंद पट्टीवर), एका थरात 15, असे दोन थर. दोन्हींत रुंदी 2.25 मीटर होते आणि कंटेनर आतून 2.35 मीटर रुंद, म्हणजे बाजूला 10 सेंटिमीटर मोकळे. उंची सारखी, रुंदी सारखी, कागदावर दोन्ही एकच. आमच्यासाठी मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उभा ठेवलेला 450 चा गर्डर 450 मिलिमीटर उंच आणि 150 मिलिमीटर रुंद. तो 18 अंश कलला की पडतो. कंटेनर गच्च भरलेला असतो तोवर शेजारचे त्याला धरून ठेवतात, त्यामुळे पहिला नग काढताना काहीच होत नाही आणि सगळ्यांचा धीर चेपतो. तीन नग निघाले की मोकळी जागा 10 अधिक 45, म्हणजे 55 सेंटिमीटर होते. आता शेजारच्या गर्डरला पूर्ण आडवं पडायला जागा मिळाली. आणि नेमक्या त्याच 55 सेंटिमीटरमध्ये पहार घेऊन माणूस उभा असतो, कारण पुढच्या नगाखाली पहार घालायला दुसरी जागाच नाही. वरच्या थरातला नग पडला तर तो गुडघ्याच्या उंचीवरून येतो. 854 किलो हाताने थोपवता येत नाहीत, आणि मागे सरकायला भिंत आहे. चौथ्या नगाला अपघात होतो, तो यामुळे. बंडल बांधलेली पोलादी पत्ती कापली की हे आणखी लवकर घडतं. ताणलेली पत्ती कापताना ती उसळून तोंडावर येते ही एक गोष्ट, आणि पत्ती गेल्यावर तीन उभे नग एकमेकांपासून सुटे होतात ही दुसरी. कंटेनरच्या आत पत्ती कापायचीच नाही. बंडल जसंच्या तसं बाहेर काढायचं, गुटक्यांवर ठेवायचं, मग पत्तीच्या कटरने, बाजूला उभं राहून कापायची. पहारीने पिळून तोडायची नाही.

आता ओढण्याचं गणित. लोखंड लाकडी फळीवर घासत ओढायचं तर वजनाच्या साधारण 0.4 पट जोर लागतो. तीन नगांचं 2.56 टनांचं बंडल ओढायला एक टन ओढ. तेच रोलरवर असेल तर 125 किलोच्या आसपास. एवढा फरक असताना रोलर का लावत नाही? पुढचं टोक टो-जॅकने (जमिनीलगत बोट घालून उचलणाऱ्या जॅकने) 30-40 मिलिमीटर उचलून खाली रोलर सरकवता येतो. मागच्या टोकाखाली मात्र रोलर सरकवायला 12 मीटर आत शिरावं लागेल, आणि तिथे जॅक ठेवायला जागा नाही. मागच्या टोकाखालचा रोलर फक्त माल भरतानाच बसू शकतो. म्हणजे तो बसवायला तिकडच्या पुरवठादाराला तुम्हीच सांगू शकता. आम्ही इथे जन्मभर कौशल्य दाखवलं तरी ते जमणार नाही.

न सांगितल्यामुळे यार्डात काय होतं, तेही ऐका. बंडलला साखळी घालून दुसरं टोक फोर्कलिफ्टच्या फोर्कला अडकवतात आणि गाडी मागे घेतात. बंडल हलत नाही, म्हणून झटका देतात. झटक्यात साखळीवर किती ताण आला याचा हिशेब कोणाकडे नसतो. तुटली तर ती फोर्कलिफ्टच्या काचेतून आत येते किंवा कंटेनरच्या दारात उभ्या माणसावर जाते. न तुटता बंडल एकदम सुटलं तर ते मीटरभर धावत बाहेर येतं. काही जण कंटेनरच्या तळातल्या लॅशिंगच्या कड्यांना चेन ब्लॉक अडकवून माल ओढतात. ती कडी माल जागेवर धरून ठेवण्यासाठी एक टनासाठी बनवलेली असते, वरच्या कड्या तर त्याच्याही निम्म्या. तिथून ओढ घ्यायची नसते. क्रेनचा हुक दारातून आत तिरपा नेऊन ओढणं हा आणखी एक प्रकार. दाराच्या वरची पट्टी आडवी येते, दोर तिच्यावर घासतो, क्रेन बाजूच्या ओढीसाठी नसते, आणि बंडल उंबऱ्यावरून सुटलं की झोका घेत थेट क्रेनकडे येतं.

यावर सर्वांत सोपा तोडगा म्हणजे ओपन-टॉप कंटेनर. वर ताडपत्री, खालच्या आडव्या कमानी काढता येतात, दारावरची पट्टीही बाजूला फिरते. किंवा फ्लॅट रॅक, ज्याला बाजूच्या भिंतीच नसतात. दोन्हींत क्रेनचा हुक थेट मालावर उतरतो आणि वर लिहिलेल्यापैकी बरंचसं संपतं. भाडं जास्त पडतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तुलना करताना बंद कंटेनरच्या बाजूला दोन दिवसांची क्रेन, जास्तीचे माणसं-तास, कंटेनर अडकल्याचं डिटेन्शन (मुदतीनंतर शिपिंग कंपनी लावते तो आकार) आणि फाटलेल्या तळफळीची भरपाई हेही मांडा. बहुतेक तुलनापत्रकांत फक्त समुद्रभाडं असतं. ओपन-टॉप मागवतानाही एक गोष्ट लिहून घ्या : बंडलखाली आणि दोन थरांमध्ये 75 ते 100 मिलिमीटरचे गुटके. गुटका नसेल तर बेल्ट खालून जात नाही आणि मग पुन्हा पहार आली. पुरवठादार प्रत्येक बंडलला बेल्ट घालूनच, वरती फास मोकळे ठेवून भरणार असेल तर सोन्याहून पिवळं. आत उतरून कोणाला बोटं घालावी लागत नाहीत. बांधणीची पत्ती मात्र उचलण्यासाठी नसते. पत्तीत हुक घालून बंडल उचललेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा.

बंद कंटेनरच घ्यावा लागला तर स्किड. सगळा माल एका पोलादी चौकटीवर, चौकटीखाली रोलर, रोलरखाली तळफळीवर उताणे टाकलेले चॅनल, म्हणजे रोलर चॅनलमध्ये धावतात आणि 28 मिलिमीटरच्या प्लायवूडवर एका बिंदूत भार येत नाही. दाराकडच्या टोकाला ओढकडी. अशा स्किडवरचे 25.6 टन ओढायला सव्वा-दीड टन ओढ पुरते. स्किड नसताना तोच माल एकत्र ओढायचा तर दहा टनांवर लागली असती.

हा स्किड जमिनीवर काढता येत नाही, कारण ट्रेलरवरच्या कंटेनरचा तळ जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतो. आणि 11.8 मीटरचा माल निम्मा, म्हणजे 5.9 मीटर बाहेर आला की पुढचं टोक खाली जातं आणि मागचं उसळून छताला लागतं. म्हणून आमच्या मते बंद कंटेनरसाठी सर्वांत भरवशाची पद्धत ही : रिकामा 40 फुटी फ्लॅटबेड ट्रेलर कंटेनरच्या दाराला पाठ लावून, एका सरळ रेषेत उभा करायचा. दोन्ही चेसींच्या मध्ये जाड लाकूड, दोन्ही एकमेकांना साखळीने जखडलेल्या. कंटेनर ट्रेलरला जखडणारे चारही ट्विस्ट-लॉक लावलेलेच ठेवायचे, आधी उघडायचे नाहीत. दोन्ही गाड्यांचे ब्रेक, चाकांना पुढून-मागून गुटके, दोन्ही चाव्या एकाच माणसाच्या खिशात. टरफर (दांडा मारून दोर ओढायचं हातयंत्र) किंवा विंच फ्लॅटबेडच्या पुढच्या टोकाला चेसीशी बांधायची. मग ओढ दोन गाड्यांमध्येच फिरते, फ्लॅटबेड उलट कंटेनरकडे दाबला जातो आणि जमिनीत खुंटा ठोकायची गरज पडत नाही. दोन तळांमधल्या फटीवर जाड पत्रा.

इथे एक बारकी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. माल सरकतो तशी कंटेनरची गाडी हलकी होऊन स्प्रिंगच्या पाट्यांवर वर येते आणि फ्लॅटबेड खाली बसतो. सुरुवातीला एका पातळीत असलेले तळ अर्ध्या वाटेत खालीवर होतात, पत्रा उचलला जातो आणि रोलर त्याच्या कडेत रुततो. ओढ वाढते, टरफरवाला आणखी दांडा मारतो, आणि मग काहीतरी तुटतं. म्हणून ओढायला लागण्याआधी दोन्ही चेसींच्या मागच्या टोकाखाली लाकडी स्लीपरची थप्पी लावून वरखाली होणं बंद करायचं आणि दर तीन मीटरला थांबून पत्रा पाहायचा. ओढ चालू असताना कंटेनरच्या आत कोणी नाही, फ्लॅटबेडवर कोणी नाही, दोराच्या रेषेत कोणी नाही. सगळा माल फ्लॅटबेडवर आला की तो उघड्या ट्रेलरवरचा माल झाला, क्रेन बोलवा.

माल सुटाच आला असेल, स्किडही नाही, तरी हीच मांडणी करा. पुढच्या टोकाखाली रोलर घालून एकेक बंडल ओढायचं. मागचं टोक घासत येणारच, पण ओढ टनावरून अर्ध्या टनावर येते. वरचा थर आधी, एक डावीकडून, एक उजवीकडून. प्रत्येक बंडल निघालं की उरलेल्या मालाला भिंतीपासून लाकडी टेकू देऊन मगच पुढचं.

फोर्कलिफ्टला बूम, म्हणजे पुढे आलेला लांब दांडा, लावून नग उचलण्याबद्दल थोडं, कारण ‘आमच्याकडे 3 टनाची आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. पाटीवरचे 3 टन फोर्कच्या पायथ्यापासून 500 मिलिमीटरवर असतात. बूमवर दोन मीटर पुढे गेलात की तीच गाडी सव्वा टनाच्याही खाली येते, आणि बूमचं स्वतःचं वजन वजा केलं की टनभर उरते. 854 किलोचा एक नग मावतो, तोही मधोमध धरला तर. बंडल नाही.

दार उघडण्याकडे येऊ. न्हावा शेव्याहून इथवर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि मध्ये कोकणातून वर चढणारा घाट. दार गाडीच्या मागच्या बाजूला असतं, त्यामुळे चढावर माल दाराकडे सरकतो. सील तोडण्याआधी दाराचा पत्रा फुगलाय का ते बघायचं. दोन्ही दारांचे मधल्या बाजूचे उभे दांडे एका पट्ट्याने सैल बांधायचे, म्हणजे दार वीतभरच उघडेल. आधी उजवं दार. उघडणारा दाराच्या आड, समोर कोणी नाही. फटीतून बॅटरी मारून टोकं बघायची, फोटो काढायचे, मग पट्टा सोडायचा. आत लाकूड असेल तर त्यावर कीड मारण्याच्या धुरीचा किंवा उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असतो आणि दारावर कधी कधी धुरीची सूचनाही. अर्धा तास दोन्ही दारं उघडी टाकून हवा खेळू द्या, सूचना असेल तर गॅस मोजल्याशिवाय आत पाय टाकू नका. दाराच्या पाटीवर कंटेनरचं रिकामं वजन असतं आणि जहाजावर चढण्याआधी भरलेलं वजन प्रमाणित करणं 1 जुलै 2016 पासून सक्तीचं आहे. म्हणजे आत किती टन आहेत हे तुमच्या फाइलीत आधीपासूनच असतं. तो आकडा यार्डात पाठवा, एवढंच मागणं आहे.

उचलताना बेल्टचा रंग सगळ्यांना पाठ असतो : जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3. कोन मात्र कोणी मोजत नाही. आपलं 2.56 टनांचं बंडल दोन बेल्टनी, फास देऊन (बेल्टचं एक टोक दुसऱ्यातून ओवून), एकमेकांपासून 6 मीटरवर धरलं असं समजा. बेल्ट 6 मीटर लांब असेल तर आडव्याशी 60 अंशांचा कोन होतो आणि प्रत्येक बेल्टवर 1.48 टन येतात. फास दिला की बेल्टची ताकद पाचव्या हिश्शाने घटते, म्हणजे हिरवा 2 टनांचा बेल्ट 1.6 टनांचा उरतो. चालेल, पण काठावर. आता यार्डात 4 मीटरचेच बेल्ट आहेत. कोन 41 अंशांवर आला, प्रत्येक बेल्टवर 1.94 टन, ताकद 1.6. माल तोच, क्रेन तीच, बेल्टचा रंग तोच, आणि आता तो जास्तीच्या भाराखाली आहे. म्हणून गर्डरसाठी 6 मीटरचे पिवळे बेल्ट जोडीने ठेवा, फास दुहेरी गुंडाळा म्हणजे सरकत नाही, आणि फ्लँजच्या कडेला रबर किंवा उभी चिरलेली नळी लावा. लोखंडाची कड बेल्टला सुरीसारखी लागते. बेल्टच्या कडेला बोटभर जरी काप दिसला तरी तो कापून दोन तुकडे करून टाका. कोपऱ्यात ठेवला की उद्या कोणीतरी वापरतोच. उचलण्याच्या साधनांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 पासून चालत आलेली गोष्ट आहे, तिचा कागद फाइलला नको, बेल्टवरच्या टॅगला हवा.

दोन्ही टोकांना दोर बांधून दोन माणसं, बंडलपासून लांब. ‘हाफिज’ (उचल) आणि ‘आरिया’ (खाली सोड) म्हणणारा एकच. थांबा मात्र कोणीही म्हणावं आणि ऑपरेटरने ऐकावं. हायड्राने (माल उचलून चालणाऱ्या लहान क्रेनने) बंडल घेऊन चालायचं असेल तर सिग्नलवाल्याने तिच्यापुढे उलटं चालत जायचं नाही. बूम आणि माल समोर असतो, ऑपरेटरला पुढचा माणूस दिसत नाही, आणि हायड्राखाली माणसं येतात ती बहुधा अशीच. अनेक मोठ्या प्रकल्पांवर हायड्राला मनाईच आहे.

आणखी दोन प्रकार, थोडक्यात. 14 टनी दोन हायड्रा लावून भरलेला कंटेनर खाली उतरवायचा विचार मनातून काढून टाका. कंटेनरसकट वजन 30 टनांच्या घरात आहे, हायड्राचे 14 टन बूम आखडलेला असतानाचे आहेत, आणि दोघींनी निम्मं-निम्मं वजन घेतलं असं कधीच होत नाही. दुसरं, भंगाराचा कंटेनर तिरपा करून रिकामा करतात हे पाहून गर्डरचा कंटेनर तसाच उलटवायला सांगू नका. भंगार ओघळतं. गर्डर आधी हलतच नाहीत आणि मग सगळे एकदम निघतात.

जमिनीबद्दल मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण बाहेरून आलेल्या मेथड स्टेटमेंटमध्ये (कामाची पद्धत लिहिलेल्या कागदात) ती नसते. आपल्याकडची जमीन काळी. नव्या प्लॉटवर काळ्या मातीवर फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला की त्याला यार्ड म्हणतात. मे महिन्यात ते दगडासारखं लागतं, भेगांत हात जाईल एवढं सुकलेलं असतं. जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की खालची काळी माती फुगते, मऊ पडते आणि वरचा मुरूम पापडासारखा फुटतो. ट्रेलरचे पुढचे पाय एका बाजूने खचतात. वर सांगितलेले उभे गर्डर 18 अंशांना पडतात; गाडीच एका बाजूला तीन-चार अंश कलली असेल तर तेवढी पुंजी आधीच खर्च झाली. क्रेनचा एक पाय खचला तर पाटीवरचा भार-तक्ता रद्दच समजा, तो समपातळीसाठी असतो. म्हणून गर्डरच्या कंटेनरसाठी काँक्रीटचा एक पट्टा राखून ठेवा, दोन ट्रेलर पाठीला पाठ लावून आणि बाजूला क्रेन उभी राहील एवढा. तो नसेल तर क्रेनच्या पायांखाली आणि ट्रेलरच्या पायांखाली मीटर बाय मीटरच्या पोलादी प्लेटा किंवा आडवे-उभे रचलेले स्लीपर. पाऊस पडून गेल्यावर पायाने दाबून बघितलं आणि टणक लागलं, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. वरचे चार इंच टणक असतात. जून ते सप्टेंबरमध्ये येणारा माल शक्य असेल तर पक्क्या जागेवर, गरज पडल्यास भाड्याच्या गोदामात उतरवून मग साइटवर न्या.

उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो आणि पत्र्याच्या डब्यात त्याहून बरंच जास्त. दुपारचं लोखंड हातमोज्यातूनही चटका देतं, माणूस पटकन हात सोडतो, आणि सोडायची वेळ चुकीची असते. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहाला सुरू करून दहाला थांबवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी म्हटलं की डिटेन्शन आलं. ‘फ्री डेज (बिनआकाराचे दिवस) संपतायत, आज रात्री रिकामा झालाच पाहिजे’ हा फोन खरेदी किंवा लॉजिस्टिक्सकडूनच येतो, आणि तो आला की टेकू, पत्रा, थांबून बघणं हे सगळं गळून पडतं. आमची स्पष्ट मागणी आहे : गर्डरच्या कंटेनरला किमान दोन दिवस उतरवायला धरून फ्री डेज ठरवून घ्या, कंटेनर यायच्या 48 तास आधी पॅकिंग लिस्ट, बंडलनिहाय वजन आणि दार लावण्याआधीचे आतले फोटो यार्डाला पाठवा, आणि यार्डाने काम थांबवलं तर त्या दिवसाचा खर्च खरेदीच्या खात्यात टाका. फोटोत उभे, टेकू नसलेले गर्डर दिसले तर निदान तयारीला दोन दिवस तरी मिळतील.

लांबीबद्दल एक प्रश्न डिझाइनवाल्यांना विचारून पाहा : 11.8 मीटरच हवाय का? जोड चालत असेल तर 5.8 मीटरचे नग 20 फुटी कंटेनरमध्ये बसतात. एक नग 420 किलोचा होतो, तोल दारापासून तीन मीटरच्या आत येतो आणि बरीचशी डोकेदुखी निम्मी होते. चालत नसेल तर प्रश्न मिटला.

खरेदी आदेशात टाकायला मजकूर तयार करून देत आहोत, भाषांतर तुमच्या पुरवठादाराच्या भाषेत करून घ्या :

‘माल 40 फुटी ओपन-टॉप कंटेनरमध्ये किंवा फ्लॅट रॅकवर भरावा. बंद कंटेनर वापरायचा असल्यास खरेदीदाराची आगाऊ लेखी संमती घ्यावी आणि माल रोलरयुक्त पोलादी स्किडवर, दाराकडे ओढकडी ठेवून भरावा. गर्डर आडवे रचावेत, फ्लँजवर उभे रचू नयेत. एका बंडलचं वजन 3 टनांपेक्षा जास्त नसावं, प्रत्येक बंडलवर वजन आणि मध्यबिंदू रंगाने लिहावा. बंडलखाली व थरांमध्ये किमान 75 मिलिमीटरचे, धुरी किंवा उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असलेले लाकडी गुटके एकाखाली एक, एकाच रेषेत असावेत. बाजूची मोकळी जागा लाकडाने भरावी. भरणी 2014 च्या सीटीयू संहितेनुसार (कंटेनरमध्ये माल भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार) असावी. दार लावण्याआधीचे किमान सहा फोटो कागदपत्रांसोबत पाठवावेत. फोटोंशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य खोडू नका. अनुभव असा की फोटो येतात ते त्याच वाक्यामुळे.

आपले,
मराठवाड्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये उचल-उतरणीचं काम करणारे रिगर, क्रेन व फोर्कलिफ्ट ऑपरेटर, मुकादम आणि यार्ड सुपरवायझर

ता. क. : रिकामा कंटेनर परत पाठवण्याआधी तळफळीतले खिळे उपटून, गुटके काढून, झाडून पाठवा आणि तळाचे फोटो काढून ठेवा. नाहीतर तळफळी फाडल्याचं बिल येतं आणि पुढच्या वेळी ओपन-टॉपला नाही म्हणायला तेच बिल पुढे केलं जातं.